शेड नंबर नंतर, आधी डिक्कीतली स्टेपनी काढा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की आर्वीकडच्या गावात आबाजींची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, गोठ्याच्या बाजूले बरीच वर्षं झाकून पडली होती, आता इंजिनचं काम झालं, बॉडी क्रीम कलरमधी होऊन राहिली अन् चाकांपाशी येऊन सगळं थांबलं. वरचा सिल्व्हर पापुद्रे सोडून राहिला, त्याच्याखाली काळा दिसते, मंग क्रीमसारखं काहीतरी अन् एकदम खाली राखाडी. पेंटर म्हणते मॅट ब्लॅक मारून मोकळे व्हा, मित्र म्हणते सिल्व्हरच पाहिजे, अन् तुम्हाले कंपनीतून निघाली तेव्हा होता तोच कलर पाहिजे, म्हणून शेड नंबर विचारला.

मी जुन्या गाड्यांचंच काम करतो, फियाट, अॅम्बेसेडर, जीप, म्हणून जरा लांबवर लिहितो. पहिली गोष्ट, नंबर कोणी सांगितला तरी त्याच्या भरवशावर डबा आणू नका. १९६० च्या दशकातली फियाट डिलाइट असो का नव्वदमधली पद्मिनी, गाडीची बनावट तीच दिसते पण तीस-पस्तीस वर्षांत पेंट पुरवणारे, लॉट, ट्रिम सगळं बदलत गेलं, अन् त्यावर मालकांनी दर दोन-चार वर्षांनी दिवाळीले जे हातात आलं ते मारलं. तुमच्या गाडीचा खरा कलर तुमच्याच चाकावर आहे, कुठंतरी दबून बसला आहे. तो शोधायचा, मंग मिसळायचा. आपल्याकडे हे काम उलटं होते, आधी डबा येते अन् मंग चाक.

म्हणून सगळ्यात आधी सांगतो, पाचही चाकं सॅन्ड ब्लास्टिंगले, म्हणजे वाळूच्या मारानं पेंट उडवायले, एकदम देऊ नका. ब्लास्टिंगवाला दहा मिनिटात नागडं लोखंड करून देते, अन् त्यासोबत तुमचा पुरावाही धुळीत जाते. चार द्या पाहिजे तर, तेही खाली सांगतो तसे तपासून झाल्यावर, पण एक ठेवा. अन् ते एक म्हणजे स्टेपनी. डिक्कीतल्या स्टेपनीले ऊन कमी, चिखल कमी, अन् बहुतेक पेंटर तिले हातच लावत नाही कारण मालक पाहत नाही. मी पाहिलेल्या किती तरी गाड्यांमधी चार चाकांवर चार थर अन् स्टेपनीवर कंपनीचा एकच. मात्र स्टेपनी रोडवरच्या चाकासोबत कधी बदलली गेली असू शकते, म्हणून तिच्यावर एकटीवर निकाल देऊ नका, बाकीच्या चाकांशी ताडून पाहा.

ताडायच्या जागा कोणत्या तर पहिली व्हील कपच्या, म्हणजे चाकाच्या मधातल्या क्रोमच्या झाकणाच्या, आतली, जिथं कप क्लिपले बसते तिथं. दुसरी बॅलन्सिंगच्या जुन्या वजनाखालची, वजन काढलं की बोटाएवढी जागा अशी निघते की वाटते कालच पेंट झाला. तिसरी अन् सगळ्यात भारी म्हणजे टायर उतरवल्यावर रिमच्या पोटातली, जिथं ट्यूब बसते. तिथं गंज असते, पण गंजाच्या मधात मधात जुना पेंट टिकून राहते, अन् तिथं नंतरचा कोणताच पेंटर पोचलेला नसते कारण टायर न उतरवता स्प्रे गन मारायची आपली रीत. कंपनीत चाक टायर चढायच्या आधी पेंट होते, म्हणून पोटात जो कलर सापडला तो पहिला, हे जवळपास पक्कं समजा.

आता खिडकी पाडायची, म्हणजे सगळे थर दिसतील अशी लहान जागा घासून उघडी करायची. स्टेपनीवर सपाट जागा पाहा, डिशच्या, म्हणजे चाकाच्या पत्र्याच्या तबकडीच्या, मधात, बोटानं चापून पाहा की पुट्टी नाही. आधी साबणाच्या पाण्यानं धुवा, मंग ८०० चा वॉटर पेपर बोटाले गुंडाळून पाणी टाकत एकाच जागी लहान लहान गोल फिरवा, मधात जास्त अन् कडेले कमी. हळू जा, मधी मधी पुसून पाहा. रुपयाएवढ्या जागेत मधात लोखंड दिसलं की थांबा. आता पाहा, लोखंडाच्या भोवती एकात एक कडे दिसतील, झाडाचा बुंधा कापल्यावर दिसतात तशे. मधातून बाहेर मोजायचं. शेवटी १५०० च्या पेपरनं गुळगुळीत करा अन् थोडं रबिंग कंपाउंड लावून चमकवा, काहून की पेपर मारलेला पेंट नेहमी पांढरट दिसते अन् त्याच्यावरून कलर ठरवला की फिका निघते.

तुम्ही म्हणता सगळ्यात खाली राखाडी आहे म्हणजे तोच ओरिजिनल. इथं जरा थांबा. राखाडी हा प्रायमर किंवा सरफेसर, म्हणजे कलरच्या खाली मारतात तो अस्तराचा थर, असू शकते, अन् बहुतेक वेळा असतेच. ओळखायचं कसं? कंपाउंड लावून घासा. प्रायमर कितीही घासला तरी ठोकळ्यासारखा मुका राहते, चमक धरत नाही, पेपरखाली पीठ पीठ होते. टॉपकोट, म्हणजे वरचा खरा कलर, असला तर दहा-वीस हातात तोंड दिसायले लागते. दुसरी परीक्षा थिनरची. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज पेंटच्या, थिनरमधी भिजवलेला पांढरा कपडा थरावर अर्धा मिनिट दाबून धरा अन् पुसा. गावातल्या पेंटरनं मारलेला एनसी असला तर कलर सरळ कपड्यावर येते. ब्रशनं मारलेला सिंथेटिक इनॅमल असला तर सुरकुत्या धरून उचलते. अन् भट्टीत भाजलेला कंपनीचा इनॅमल असला तर कपडा जवळपास साफ निघते, थर जागेवरच राहते. तुमच्या वर्णनावरून काळा अन् वरचा सिल्व्हर कपड्यावर येईल असं मले वाटते. क्रीम टिकलं अन् चमकलं, अन् खालचा राखाडी मुका निघाला, तर तुमचं उत्तर क्रीम. राखाडीच चमकला तर उत्तर राखाडी, अन् क्रीम हा कोणीतरी बॉडीसोबत मारलेला. ही परीक्षा दोन चाकांवर करा अन् एक रिमच्या पोटात करा, तिन्ही जागी एकच निघालं की वाद संपला.

अजून एक थर सापडू शकते, तो म्हणजे लाल. त्यात विटकरी लाल असला तर रेड ऑक्साईड, म्हणजे लोखंडाचाच गंजरंग, त्याची भीती त्यामानानं कमी. पण नारिंगी, अगदी मारुतीच्या शेंदरासारखा दिसला तर तो रेड लेड, म्हणजे शिसं. अन् जुन्या पिवळ्या-नारिंगी कलरमधीही लेड क्रोमेट असायचं. घरगुती पेंटमधल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६ च्या नियमानं आली, अन् तुमच्या चाकावरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. म्हणून कोरडं घासूच नका, पाणी लावूनच घासा, तोंडाले चांगला मास्क, अंगणात लेकरं अन् कोंबड्या असतील तर आडोशाले करा, अन् घाणीचं पाणी विहिरीकडे किंवा ढोरांच्या टाक्याकडे वाहू देऊ नका. हे मी घाबरवायले नाही सांगून राहिलो, शिसं अंगात गेलं की लेकरांच्या डोक्यावर परिणाम करते, हे पक्कं ठाऊक असलेलं आहे.

आता समजा क्रीम पक्कं झालं. पण कोणतं क्रीम? बाहेरच्या चाकावर जे क्रीम दिसते ते उन्हानं उडालेलं असते. अन् कपच्या आत, अंधारात जे दिसते ते उलट जास्त पिवळं असते, काहून की तेलावर बनलेला इनॅमल अंधारात पिवळा पडते. बरेच जण तो आतला पिवळसरपणाच ओरिजिनल समजून डबा बनवतात अन् मंग चाकं हळदीच्या अंगाची दिसतात. यावर साधा उपाय आहे, आतला तुकडा पॉलिश करून चार-आठ दिवस उन्हात ठेवा, अंधारात आलेला पिवळेपणा उन्हात बराच उतरते. मंग जो राहील तो खऱ्याच्या जवळचा. लाल अन् पिवळ्या चाकांच्या गाड्यांमधी उलटं, तिथं उन्हानं मारलेला भाग सोडून झाकलेलाच भाग धरायचा.

मॅचिंगले चाकच घेऊन जा. वर्ध्याले, अमरावतीले, नागपूरले ऑटो पेंटच्या मोठ्या दुकानात स्कॅनर असते, तो कलर मोजून फॉर्म्युला काढते. फोटो पाठवून काम होत नाही, मोबाइल आपल्या मनानं व्हाइट बॅलन्स बदलते, एकच चाक सकाळी निळसर अन् संध्याकाळी पिवळं दाखवते. स्कॅनरले सपाट, स्वच्छ, चमकवलेली जागा लागते, चाकाच्या गोलाईवर धरलं की उजेड आत शिरते अन् आकडा चुकते. अन् यंत्राचा निकाल म्हणजे सुरुवात समजा. एका शहरातल्या दुकानात माझ्या गिऱ्हाइकाले स्कॅनरच्या भरवशावर सरळ लिटरभर बनवून दिलं, चाकावर मारलं तर गुलाबी झाक, अन् दुकानदार म्हणे मशीन खोटं बोलत नाही. मशीन खोटं बोललं नव्हतं, जागा न चमकवता धरली होती. म्हणून आधी १०० मिली बनवून मागा, थोडे पैसे जास्त घेतील, द्या.

शेडकार्ड पाहिजेच असेल तर तुलनेपुरतं वापरा. जर्मनीचं राल (RAL) कार्ड १९२७ पासूनचं आहे, सुरुवातीले त्यात ४० कलर होते. त्यात ९००१ ले क्रीम म्हणतात अन् १०१५ ले लाइट आयव्हरी, १९७१ पासून जर्मनीच्या टॅक्सींचा कलर तो. आपल्याकडे दोघालेही पेंटर क्रीमच म्हणेल, पण शेजारी धरले की एक दुधाकडे जाते अन् दुसरा मातीकडे. आपलं स्वतःचं आयएस ५ चं, म्हणजे भारतीय मानकाचं, कार्ड आहे, त्यात ६३२ डार्क अॅडमिरल्टी ग्रे, ५३७ सिग्नल रेड, ५३८ पोस्ट ऑफिस रेड असे नंबर आहेत, इनॅमलच्या दुकानात हे सहज समजते. चाकावरच्या खिडकीशेजारी कार्ड धरून तुम्ही दुकानदाराले एवढं सांगू शकता की याच्यापेक्षा जरा फिकं, याच्यापेक्षा जरा कमी पिवळं. मिक्सिंगवाल्याशी बोलताना तीनच गोष्टी बोला, गडद का फिका, कोणत्या कलरकडे झुकते, अन् साफ का मळकट. जुन्या चाकांचे कलर आजच्या मानानं मळकटच होते, क्रीममधी थेंबभर काळा अन् थोडा ऑक्साईड यलो गेल्याशिवाय ते जुनं वाटतच नाही.

अन् पाहायचं कुठं, हे लई महत्त्वाचं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेला कलर बाहेर उन्हात वेगळा निघू शकते, काहून की दोन पेंटमधले रंगद्रव्य वेगळे असले की ते एका उजेडात सारखे अन् दुसऱ्यात वेगळे दिसतात. म्हणून सकाळी नऊ-दहाले सावलीत, उत्तरेकडून येणाऱ्या उजेडात पाहा. कडूलिंबाखाली नाही, तिथं हिरवी झाक येते, हिरव्या फायबरच्या पत्र्याखालीही नाही. मंग तोच तुकडा दुपारच्या उन्हात पाहा अन् संध्याकाळी घरच्या बल्बखाली. तिन्ही जागी खटकला नाही तर घ्या.

नमुना कसा मारायचा तेही सांगतो. पत्र्याचे तळहाताएवढे तुकडे कापा, त्याच्यावर तोच प्रायमर मारा जो चाकाले मारणार, अन् त्याच गननं, त्याच थिनरनं मारा. क्रीम अन् पिवळा हे कलर झाकायले कमजोर असतात, खाली रेड ऑक्साईड असला की क्रीमले विटकरी ऊब येते, खाली राखाडी असला की थंड पडते. जुन्या रिमच्या पोटात रेड ऑक्साईड निघाला तर तुम्हीही लोखंडावर तोच घ्या, पण वरून फिक्या राखाडी सरफेसरचा थर देऊन मंगच क्रीम मारा. ओला पेंट पाहून निकाल देऊ नका, सुकताना कलर बदलते, इनॅमल तर बहुतेक गडद होते. एक रात्र जाऊ द्या.

सिल्व्हरवाल्या मित्रासाठीही सांगतो, कारण दुसऱ्या गाड्यांवर सिल्व्हर बरोबर असू शकते. हार्डवेअरच्या दुकानात जो अॅल्युमिनियम पेंट भेटते, गेटले अन् पाण्याच्या टाकीले मारतात तो, तो चाकाले लावू नका. त्याच्यातले अॅल्युमिनियमचे कण वर तरंगून येतात म्हणून तो आरशासारखा चमकते, पण बोट लावलं की बोटाले येते, अन् त्याच्यावर क्लियर, म्हणजे बिनरंगाचा पारदर्शक थर, मारला की चमक मरून काळवंडते. गाड्यांचा सिल्व्हर वेगळा, त्याचे कण थरात बसून राहतात. तुमच्या चाकांवर जो पापुद्रे सोडून राहिला तो मले बहुतेक गेटवालाच वाटते. गाडीचा सिल्व्हर निवडताना बारीक कणांचा घ्या, आजकालच्या गाड्यांचे जाड चमचमते कण जुन्या चाकावर उठून दिसतात अन् सगळं नवं वाटते. सिल्व्हरमधी एक अडचण अशी की तो मारण्यावरही बदलते, कोरडा मारला की फिका, ओला मारला की गडद, म्हणून पाचही चाकं एकाच दिवशी, एकाच हातानं मारावी लागतात.

मॅट ब्लॅकवर माझं मत स्पष्ट आहे, फियाटले मारू नका. १४ इंची छोटं चाक, मधात क्रोमचा कप, त्याच्या भोवती डिशची ती गोल उतरण, हेच त्या गाडीचं रूप आहे. काळा मारला की टायर अन् चाक एक होऊन जाते, कप तेवढा हवेत लटकल्यासारखा दिसते. शिवाय आपली काळी माती अन् रस्त्याचा फुफाटा मॅटवर पांढरट बसते, घासून पॉलिश करता येत नाही. गाडी तुमची आहे, तुमचं मन असेल तर कोणी अडवणार नाही, पण ओरिजिनल पाहिजे म्हणून विचारलं म्हणून सांगितलं.

बॉडी अन् चाक सारख्याच कलरचं असावं का, हाही अनेकांचा प्रश्न असते. कंपन्यांनी दोन्ही केलं आहे. ज्यांच्याकडे जीप आहे त्यांच्यासाठी सांगतो, १९४५ ची पहिली सिव्हिल विलीज, सीजे टू ए, पाश्चर ग्रीन बॉडीले ऑटम यलो चाकं अन् हार्वेस्ट टॅन बॉडीले सनसेट रेड चाकं घेऊन कंपनीतूनच निघायची, अन् लष्कराची जीप मात्र चाकासकट एकच ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे मळकट लष्करी हिरवा, तीही बिनचमकेची. म्हणून पिवळी चाकं दिसली की कोण्या पेंटरनं हौस केली असं लगेच समजू नका, आधी खिडकी पाडा. अन् आर्मी डिस्पोजलच्या जुन्या जीपचं दोन भागांचं बोल्टवालं रिम असलं तर व्हॉल्व्ह काढून हवा पूर्ण सोडल्याशिवाय त्या बोल्टले पानाही लावू नका, हवेसकट खोललं तर रिमचा तुकडा माणसाचा जीव घेऊ शकते.

चमक किती ठेवायची हे लोक विसरतात. कलर बरोब्बर आला अन् वरून दोन कोट जाड पीयू (पॉलियुरेथेन) क्लियर मारला की चाक कांचेसारखं दिसते, अन् कितीही बरोबर शेड असला तरी जुन्या गाडीवर तो परका वाटते. जुना इनॅमल बिनक्लियरचा, मऊ चमकेचा होता. म्हणून क्रीमले मी सरळ टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, पीयू सॉलिड कलर मारतो, क्लियर नाही, अन् महिनाभरानं हलकं पॉलिश. एनसी स्वस्त पडते अन् लवकर सुकते पण पेट्रोल-डिझेल सांडलं की डाग धरते, चाकाले तो टिकत नाही. पीयूच्या हार्डनरमधी आयसोसायनेट नावाचं छातीले घातक रसायन असते, साध्या कापडाच्या मास्कनं काही होत नाही, दम लागायची सवय असलेल्या माणसानं तर ती गन धरूच नये, ज्याच्याकडे हवेचा पाइपवाला मास्क आहे अशा पेंटरकडून मारून घ्या. पावडर कोटिंग मजबूत असते, पण कलर मोजकेच भेटतात, मनासारखा मळकट क्रीम मिसळता येत नाही, म्हणून मी या कामाले ते घेत नाही.

मुहूर्त पाहायचाच असेल तर हवेचा पाहा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जाते, तेव्हा थिनर गन अन् पत्र्याच्या मधातच उडते अन् पेंट पावडरसारखा बसते, तेव्हा सकाळी लवकर मारा अन् स्लो थिनर घ्या. पावसाळ्यात एनसीवर पांढरी धुई धरते. अन् तुमच्या आर्वीकडे कापूस सुरू झाला, जिनिंग चालू झाल्या की हवेत बारीक रुई तरंगत राहते, ती ओल्या पेंटवर बसली की काढता येत नाही. जिनिंगच्या जवळ शेड असेल तर दिवाळीच्या आधी काम उरकून घ्या, नाही तर सीझन संपल्यावर करा.

एक शेवटची गोष्ट, कलरची नाही पण चाक पेंट करणाऱ्यानं सोडायची नाही अशी. नट बसते ती तिरपी जागा अन् चाक ड्रमले टेकते तो मागचा भाग, इथं जाड पेंट नको. टेप लावा, नुसता पातळ प्रायमर राहू द्या. तिथं पेंटचा थर राहिला की चालवताना तो दबते अन् आवळलेले नट ढिले होतात. ब्लास्टिंगनंतर पेंट करायच्या आधी त्या भोकांच्या भोवती भेगा आहेत का तेही उजेडात नीट पाहा, भेग दिसली तर ते चाक वेल्डिंग करून वापरू नका, दुसरं शोधा. पाचही चाकांचा कलर एकाच वेळी मिसळून घ्या, दोनशे मिली उरवा अन् डब्यावर फॉर्म्युला, हार्डनरचं प्रमाण, तारीख सगळं लिहून ठेवा. गाडी बाहेर काढली की पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर, म्हणजे तुमच्याकडून वर्ध्याले जाऊन एकदा थांबले की, नट परत आवळा.